बिनतारी घरकारभार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरातील दिवे, पंखे, गिझर आणि पाण्याचा पंप यांना तारेवाचून हुकूम पोहोचावा आणि त्या हुकुमांचा सारा कारभार घरातल्याच एका लहानशा संगणकाने पाहावा, ही गोष्ट आज मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबालाही परवडण्याजोगी झाली आहे. दुकानदार उपकरण विकतो, वायरमन ते बोर्डात बसवतो, घरातील तरुण मंडळी मोबाइलवर त्याचे ॲप चढवतात आणि दिवा लागला की काम फत्ते झाले असे सर्वांना वाटते; परंतु तो दिवा नेमका कोणाच्या आज्ञेने लागला, ती आज्ञा कोणत्या वाटेने आली आणि ती वाट उद्या बंद पडली तर काय होईल, हे सहसा कोणी विचारीत नाही, आणि या विषयातील बहुतेक गैरसमज या न विचारलेल्या प्रश्नांतूनच उपजले आहेत.

त्यांतील सर्वांत व्यापक आणि माझ्या मते सर्वांत नुकसानकारक समज असा, की इंटरनेटवाचून ही उपकरणे चालतच नाहीत. वाय-फाय आणि इंटरनेट हे दोन शब्द आपल्या बोलण्यात इतके एकजीव झाले आहेत, की राउटरला बाहेरून येणारी तार काढून घेतली तरी घरातल्या घरात वाय-फाय अबाधित राहते, हे सांगितल्यावरही पुष्कळांना पटत नाही. झिगबी आणि झी-वेव्ह या बिनतारी पद्धतींना तर इंटरनेटची मुळीच गरज नसते. त्यांचे संदेश उपकरणापासून संगणकाला लावलेल्या लहानशा रेडिओ-जोडापर्यंत, म्हणजे डोंगलपर्यंत, जातात आणि तेथेच त्यांचा निकाल लागतो. मग हा समज रूढ झाला कसा? बाजारात मिळणारे स्वस्त वाय-फाय प्लग आणि दिवे बहुधा असे घडवलेले असतात, की मोबाइलवरून दिलेला हुकूम आधी उत्पादकाच्या दूरदेशीच्या सर्व्हरवर जातो आणि तेथून परत फिरून, दहा हातांवर असलेल्या दिव्यापर्यंत येतो. ही उत्पादकाने केलेली तजवीज आहे, बिनतारी तंत्राचा तो गुणधर्म नव्हे. बिनतारी लहर ही केवळ जासूद आहे. हुकूमनामा ज्या दप्तरात लिहिला जातो ते दप्तर आपल्या घरात आहे की परक्याच्या ताब्यात आहे, एवढेच खरेदीपूर्वी पाहावयाचे असते.

दप्तर परक्याच्या ताब्यात असल्याचा परिणाम काय होतो, याचे दोन दाखले अमेरिकेत घडलेले आहेत. रेव्हॉल्व्ह नावाचे घरातील उपकरणांना एकत्र जोडणारे एक यंत्र तेथे २९९ डॉलरला विकले जाई. २०१४ साली नेस्ट कंपनीने रेव्हॉल्व्हची मूळ कंपनी विकत घेतली आणि १५ मे २०१६ रोजी त्या यंत्राची सेवा कायमची बंद केली. यंत्रातील रेडिओ शाबूत होते, घरातील दिवे शाबूत होते, पण आज्ञा देणारा सर्व्हर उरला नाही, म्हणून ते यंत्र कुचकामी ठरले. दुसरा दाखला कॅलिफोर्नियातील इन्स्टिऑन या कंपनीचा. तिचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये ग्राहकांना आगाऊ सूचना न मिळता बंद पडले आणि ॲपवर विसंबून असलेल्यांचा घरकारभार ठप्प झाला. परंतु ज्यांनी तीच उपकरणे घरातल्या संगणकावरील स्वतंत्र सॉफ्टवेअरला जोडली होती, त्यांचे दिवे ठरल्या वेळी लागत आणि मालवत राहिले. पुढे ग्राहकांपैकीच काही जणांनी त्या कंपनीची मालमत्ता विकत घेऊन सेवा पुन्हा चालू केली, ही गोष्ट वेगळी. उपकरण तेच, कंपनी तीच, संकटही तेच असता एका घरात अंधार आणि दुसऱ्यात उजेड, हा भेद अखत्यार कोणाकडे होता यातून पडला.

यावर असा आक्षेप येतो, की घरी संगणक ठेवून कारभार पाहणे हे प्रोग्रॅमरांचे काम आहे आणि त्यासाठी मोठे यंत्र अहोरात्र चालू ठेवल्यास विजेचे बिल परवडणार नाही. वस्तुतः होम असिस्टंट हे पाउलुस स्खाउट्सेन याने २०१३ साली सुरू केलेले आणि ओपनहॅब हे काय क्रॉइत्सर याने २०१० साली सुरू केलेले, अशी दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्त आहेत. आणि सूर्यास्तानंतर व्हरांड्यातील दिवा लावावा किंवा दार उघडे राहिल्यास सूचना द्यावी, असे साधे नियम आज कोड न लिहिता, पडद्यावरील रकाने भरून तयार करता येतात. रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक सुमारे ५ वॅट वीज घेतो असे धरले, तर वर्षाकाठी त्याचा वापर ४४ युनिटांच्या आत राहतो. याउलट अडगळीतला ६० वॅट घेणारा जुना डेस्कटॉप याच कामाला जुंपला तर तो आकडा ५२५ युनिटांवर जातो. तेव्हा विजेचा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही, तो यंत्राच्या निवडीवर अवलंबून आहे. एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. अशा संगणकात बसवलेले मेमरी कार्ड सततच्या नोंदींनी झिजते. होम असिस्टंट मुळातच १० दिवसांच्या नोंदी ठेवून जुन्या पुसून टाकते, तरीही कार्डाऐवजी एसएसडी वापरणे आणि साऱ्या रचनेची प्रत दुसऱ्या ठिकाणी काढून ठेवणे, हाच खरा बंदोबस्त होय.

बिनतारी म्हणजे सर्व एकच, ही आणखी एक चुकीची धारणा. ज्या कुटुंबातील मुले परदेशी स्थायिक झाली आहेत, त्यांच्याकडे तेथून हौसेने आणलेली उपकरणे येतात, म्हणून हा मुद्दा सविस्तर सांगणे अगत्याचे आहे. झिगबी आणि वाय-फाय यांचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जगभर जवळजवळ समान असल्यामुळे त्यांच्या बाबतीत केवळ विजेच्या दाबाकडे लक्ष दिले, म्हणजे १२० व्होल्टांसाठी घडवलेले यंत्र आपल्या २३० व्होल्टांवर लावले नाही, की पुरते. झी-वेव्हचे तसे नाही. अमेरिकेत ती ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास, युरोपात ८६८ च्या आसपास आणि भारतात ८६५ मेगाहर्ट्झवर चालते. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरण्याची मुभा २००५ साली देण्यात आली. ९०८ मेगाहर्ट्झ मात्र येथे मोबाइल फोनच्या वाट्याला आलेल्या ८९० ते ९१५ या पट्ट्यात पडते. म्हणजे अमेरिकेतून आणलेले झी-वेव्हचे कुलूप येथील डोंगलशी बोलणार तर नाहीच, शिवाय ते चालवणे कायद्याच्या हद्दीबाहेर जाईल. सॉफ्टवेअर कितीही समर्थ असले तरी रेडिओची ही घडण त्याला बदलता येत नाही.

झिगबी आणि वाय-फाय एकाच पट्ट्यात नांदतात, म्हणून त्यांचा कलह अटळ आहे असे म्हणणारेही भेटतात, आणि अर्धवट माहितीवर उपाय करणारे त्याहून अधिक भेटतात. दोहोंच्या चॅनेलांना क्रमांक आहेत, पण ते क्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत: वाय-फायचे चॅनेल १ हे झिगबीच्या ११ ते १४ या चॅनेलांना झाकते, ६ हे १६ ते १९ यांना आणि ११ हे २१ ते २४ यांना. वाय-फाय १ वर आहे, तेव्हा दूर म्हणून झिगबी ११ वर ठेवू, असे करणारा मनुष्य नेमके जे टाळावयाचे तेच ओढवून घेतो. १५, २०, २५ आणि २६ ही चॅनेले मधल्या फटींत पडतात. त्यांपैकी २६ वर काही उपकरणे क्षीण शक्तीने बोलतात किंवा बोलतच नाहीत, म्हणून १५, २० किंवा २५ यांतून निवड करावी आणि ती पहिल्याच दिवशी करावी, कारण मागाहून चॅनेल बदलल्यास काही उपकरणे पुन्हा जोडून घ्यावी लागतात. याहूनही दुर्लक्षित कारण संगणकाच्या पाठीमागेच असते. यूएसबी ३ ची जोडणी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट उत्पन्न करते, हे इंटेलने २०१२ साली एका निबंधात दाखवून दिले. आणि तरीही झिगबीचा डोंगल त्याच जोडणीत, बाह्य डिस्कला खेटून खोचला जातो व दोष उपकरणावर ढकलला जातो. हातभर लांबीची एक्स्टेंशन केबल घेऊन डोंगल बाजूला आणणे आणि तो यूएसबी २ च्या जोडणीत लावणे, एवढ्या अल्प उपायाने कित्येक घरांतील महिन्यांच्या तक्रारी मिटतात.

पल्ला कमी पडतो म्हणून अधिक शक्तीचा अँटेना शोधण्याची धावपळही अशीच व्यर्थ जाते. झिगबी आणि झी-वेव्ह यांत संदेश एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे हातोहात पुढे जातो. मात्र हे काम फक्त कायम विजेवर असलेली उपकरणे करतात, आणि बॅटरीवरील दार-संवेदक अथवा तापमापक आपली शक्ती राखण्यासाठी बहुतेक वेळ निद्रिस्त असल्यामुळे कोणाचाच संदेश पुढे नेत नाहीत. म्हणून आधी प्लग आणि बोर्डात बटणामागे बसणारे बिनतारी स्विच, म्हणजे मॉड्यूल, बसवावेत, ते डोंगलपासून दूरदूर पसरावेत आणि मग संवेदक त्यांच्या नियोजित जागीच जोडून घ्यावेत. आपल्या घरांत येथे दोन खास अडचणी येतात. पहिली अशी, की भिंतीत चिणलेली बोर्डाची लोखंडी पेटी आत बसवलेल्या मॉड्यूलची लहर पुष्कळशी अडवते. दुसरी सवयीची आहे: खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करण्याची आपली पिढीजात शिस्त स्तुत्य असली, तरी स्मार्ट बल्बचे बटण बंद होताच त्या बल्बमार्फत जाणारे सर्व संदेश खंडित होतात. अशा घरात बल्ब साधाच ठेवून बटणामागे मॉड्यूल बसवणे अधिक श्रेयस्कर, कारण मग भिंतीवरील बटणही पूर्ववत चालते आणि संगणक बंद पडला तरी आजीआजोबांना अंधारात बसावे लागत नाही.

यातून वायरिंगचा प्रश्न निघतो. मॉड्यूलवर १० अँपिअर असा आकडा छापलेला पाहून त्यावर काहीही जोडता येते, असा समज जिवावर बेतू शकतो. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टांवर सुमारे ८.७ अँपिअर घेतो, तो कसाबसा बसला तरी मर्यादेला टेकतो. ३००० वॅटचा १३ अँपिअर घेतो आणि मर्यादा ओलांडतो. पंप आणि एअर कंडिशनर यांची मोटर सुरू होताना कित्येक पटींनी अधिक प्रवाह खेचते, म्हणून तेथे मॉड्यूलने केवळ काँटॅक्टर, म्हणजे मोठा भार चालू-बंद करणारा स्विच, चालवावा आणि मुख्य भार काँटॅक्टरने वाहावा. दिव्याचा डिमर पंख्याला लावल्यास मोटर गुणगुणते व तापते. आणि बीएलडीसी पंख्यांत वेग ठरवणारे विद्युत-परिपथ आतच असल्यामुळे त्यांना बाहेरून कोणताही रेग्युलेटर लावू नये. ज्या बोर्डात बटणांशेजारी सॉकेट आहे तेथे न्यूट्रलची तार असतेच, पण जिन्यातील दुहेरी बटणांच्या बोर्डात ती बहुधा नसते. या सर्व कामाला परवानाधारक वायरमनच बोलवावा. सॉफ्टवेअर शिकणे आणि २३० व्होल्टांना हात घालणे या भिन्न गोष्टी आहेत.

वीज गेल्यावर काय, याचा विचार आपल्याकडे तरी विसरता येत नाही. संगणक आणि राउटर इन्व्हर्टरवर असावेत. वीज परत येताच कोणते उपकरण कोणत्या अवस्थेत सुरू व्हावे, याचे सेटिंग बहुतेक मॉड्यूलमध्ये असते. गिझर आणि पंप यांसाठी ते नेहमी बंद या अवस्थेवर ठेवावे, अन्यथा मध्यरात्री वीज येताच रिकाम्या घरात ते सुरू होतील.

सुरक्षिततेच्या बाबतीत भीती असते ती लहरींची, आणि धोका असतो तो भलतीकडेच. झिगबीचे संदेश १२८ बिटांच्या किल्लीने सांकेतिक केलेले असतात; नवे उपकरण सामील करून घेण्याची मुभा काम होताच बंद केली, की बाहेरच्याला आत शिरणे सोपे राहत नाही. याउलट २०१६ साली मिराई नावाच्या दुष्ट प्रोग्रॅमने जगभरातील कॅमेरे आणि व्हिडिओ रेकॉर्डर काबीज केले, ते मुख्यतः उत्पादकाने दिलेला मूळ पासवर्ड तसाच राहिला होता म्हणून. बाहेरगावाहून घर पाहावयाचे असेल तर राउटरचे दार सताड उघडण्याऐवजी व्हीपीएनचा, म्हणजे सांकेतिक खासगी जोडणीचा, मार्ग धरावा.

ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅटर या नव्या मानकाने हे सारे प्रश्न संपले, असेही ऐकू येते. मॅटर स्वागतार्ह आहे, कारण त्यात घरातल्या घरात नियंत्रण हे मूळ तत्त्व मानले आहे. परंतु ते वाय-फाय, इथरनेट आणि थ्रेड नावाची आणखी एक बिनतारी पद्धत यांवर चालते, आणि जुनी झिगबी उपकरणे आपोआप मॅटरची होत नाहीत, त्यांना मध्ये पूल बनणारे यंत्र लागते. म्हणून मॅटरची वाट पाहत थांबण्याचे किंवा चालू असलेली उपकरणे टाकून देण्याचे कारण नाही.

वाचकांना दोन विनंत्या आहेत. नवे उपकरण घेतल्यावर, ते परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी, राउटरला बाहेरून येणारी तार काढून ते चालते का हे पाहावे. आणि कोणत्या बोर्डात कोणते मॉड्यूल आहे, पासवर्ड कोठे आहेत आणि संगणक कसा पुन्हा सुरू करावयाचा, हे एका वहीत मराठीत लिहून घरातील दुसऱ्या एका व्यक्तीकडून एकदा प्रत्यक्ष करवून घ्यावे.