उचलण्याची घाई

धाराशिव जिल्ह्यात उंचीवरून पडणं म्हणजे फक्त परांचीवरून पडणं नव्हे. तुळजापूर, उमरगा, कळंबमध्ये स्लॅबच्या कामावर सेंट्रिंगची फळी सरकते आणि माणूस खाली येतो, हे खरंच. पण पाण्यासाठी खडक फोडणाऱ्या या मुलखात जमिनीच्या पातळीवर उभा असलेला माणूसही उंचीवरच उभा असतो, कारण त्याच्या पायापुढे विहीर असते. काठावर यारी, खाली काळ्या पाषाणात काम करणारी माणसं, वर येणारी दगडांनी भरलेली बादली. एक पाय मुरमावरून घसरला की थेट तळ. अशा वेळी पहिली हाक जवळपास ठरलेली असते: ‘उचला, गाडी काढा!’ त्या हाकेत माया असते, माणूस वाचावा ही तळमळ असते. पण पडलेल्या माणसाचं निम्मं नुकसान पडण्यानं होत असेल, तर उरलेलं या उचलण्यानं होऊ शकतं. म्हणून उंचीवरून पडलेल्याचा प्रथमोपचार म्हणजे आधी त्याला आहे तसा स्थिर धरणं, आणि त्यासाठी लागणारी माणसं व साधनं काम सुरू होण्याआधीच ठरवून ठेवणं, असं माझं ठाम मत आहे.

याचं कारण शरीराच्या रचनेत आहे. माणूस पायांवर पडला, तर धक्का टाचेत थांबत नाही. तो नडगी, मांडी, कटी असा चढत कमरेच्या मणक्यांपर्यंत पोचतो. म्हणूनच टाच मोडलेल्या रुग्णाची कंबरही डॉक्टर तपासतात. मणका मोडला तरी आतला मज्जारज्जू शाबूत असू शकतो. मोडलेलं हाड हललं तर तो दबतो. यासाठी फार उंचीही लागत नाही. मानेच्या दुखापतीसाठी जगभर वापरला जाणारा, 2001 साली प्रसिद्ध झालेला कॅनडातील डॉक्टरांचा नियम तीन फूट किंवा पाच पायऱ्यांवरून पडणंही धोक्याचं मानतो. आता कामावर काय होतं ते बघा. एक जण काखेत हात घालतो, दुसरा पाय धरतो. शरीर मध्ये झोळीसारखं लोंबतं आणि नेमका कमरेचा भाग वाकतो. मग त्याला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवतात. मान डुलत राहते, रस्त्याचा प्रत्येक खड्डा थेट मणक्यात जातो.

त्याऐवजी करायचं काय? आधी यारी बंद, काठावरची गर्दी मागे. विहिरीत सुरुंगाचा धूर कोंडलेला असेल किंवा आत इंजिन चाललेलं असेल, तर बेभान होऊन खाली उतरणारा दुसराही तिथेच पडतो. हवा तपासल्याशिवाय कुणी उतरू नये. जखमीला समोरून हाक मारावी, म्हणजे तो मान वळवणार नाही. एकानं त्याच्या डोक्यामागे गुडघे टेकावेत, कोपरं जमिनीला लावावीत आणि दोन्ही तळव्यांत डोकं आहे तसं धरावं. ओढू नये, सरळ करायला जाऊ नये. हेल्मेट असेल तर श्वासाला अडथळा होत नाही तोवर काढू नये. दुसऱ्यानं श्वास पाहावा. घशात घरघर असेल तर मान मागे न झुकवता जबड्याचे दोन्ही कोपरे पुढे ढकलावेत. उलटी येत असेल तर डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून सगळं शरीर एकदम कुशीवर वळवावं. श्वासच थांबला असेल तर मणक्याचा विचार मागे पडतो: छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं घट्ट दाब द्यावा. अंगात घुसलेली सळई उपसू नये. अंगावर घोंगडं घालावं. आणि पाणी पाजू नये, कारण पुढे शस्त्रक्रिया लागू शकते आणि पोटातलं पाणी उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. तहानलेल्याला पाणी नाकारणं जिवावर येतं, तरीही.

यावर पहिला आक्षेप अंतराचा येतो, आणि तो खोटा नाही. वाशी किंवा परंड्याच्या एखाद्या वस्तीवरून धाराशिवचं जिल्हा रुग्णालय दूर, मोठ्या शस्त्रक्रियेसाठी अनेकदा सोलापूर गाठावं लागतं. पण स्थिर धरा म्हणजे वाट बघत बसा, असं नाही. पहिल्याच मिनिटाला 108 ला फोन गेला पाहिजे; 2014 पासून राज्यात चालू असलेल्या या सेवेची रचनाच गाडीत डॉक्टर असावा अशी आहे. फोनवर गाव, शिवार, ओळखीची खूण आणि किती उंचीवरून पडला हे सांगावं. गाडी येणारच नसेल, दरड कोसळत असेल, पाणी चढत असेल, तर हलवावंच लागतं, पण फळीवर. सेंट्रिंगची प्लाय, जुनं दार, काहीही ताठ चालतं. बाज मात्र मध्ये झोल खाते. डोकं धरलेल्यानं आकडे मोजावेत आणि बाकी तिघा-चौघांनी त्याच्या शब्दावर शरीर एकाच वेळी वळवून फळी सरकवावी. विहिरीतून काढताना कमरेला दोर बांधून ओढलं, तर माणूस दुखापतीच्याच जागी दुमडतो. शक्य तोवर अग्निशमन दलाची वाट पाहावी. नाइलाज असेल तर त्याला फळीला पट्ट्यांनी बांधून, चारही कोपऱ्यांना दोर लावून आडवंच वर घ्यावं.

दुसरा आक्षेप असा की, ‘तो तर उठून चालला, काही झालं नाही.’ डोक्यातला रक्तस्राव काही तास शुद्ध टिकवून मग घात करू शकतो. प्लीहा फुटली तरी माणूस सुरुवातीला बोलत असतो. झोपाळूपणा, वारंवार उलटी, हातापायांना मुंग्या, पोट ताठणं यांतलं काही दिसलं तर तो आणीबाणीचा रुग्ण आहे. काही दिसलं नाही तरी डॉक्टरांची तपासणी चुकवू नये. तिसरी अडचण पोलिसांच्या भीतीची. परमानंद कटारा खटल्यात 1989 साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की, सरकारी असो वा खासगी, डॉक्टरनं आधी जीव वाचवायचा, कागदपत्रं नंतर. म्हणून ‘घरी जिन्यावरून पडला’ असं खोटं सांगू नये. त्या खोट्यानं डॉक्टरला धक्क्याचा अंदाज येत नाही आणि मजुराची भरपाईही बुडते.

शेवटचा प्रश्न जबाबदारीचा. 1948च्या कारखाना कायद्यानं दर 150 कामगारांमागे प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळणारा प्रशिक्षित माणूस अशी अट घातली. 1996चा बांधकाम कामगार कायदा दहा किंवा अधिक मजुरांच्या आस्थापनांसाठी होता. शेतातल्या विहिरीवर किंवा छोट्या घरावर चार-सहा माणसं असतात. ती या आकड्याखालून निसटतात. रोजगार हमीच्या 2005च्या कायद्यात कामावर पेटीची तरतूद होती, पण पेटीतला कापूस आणि मलमपट्टी मणका सावरत नाही. तो सावरतात शिकलेले हात. लहान ठेकेदाराला खर्च परवडत नाही, हेही इथे टिकत नाही. एक फळी, चार पट्टे, एक घोंगडं आणि अर्ध्या दिवसाचा सराव यांचा खर्च यारीच्या भाड्यापुढे किरकोळ आहे.

तेव्हा मुकादम, मिस्त्री, विहीर घेणारे शेतकरी आणि ग्रामपंचायती यांना एवढंच सांगणं आहे: यंदा कामाचा नारळ फोडण्याआधी फळी काठावर आणून ठेवा, डोकं कोण धरणार आणि फोन कोण लावणार हे नावानिशी ठरवा, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून हा सराव एकदा करून घ्या. ही तयारी नसेल, तर त्या दिवशी काम सुरू करू नका.