पार्किंगमागचे फॉरेन रिटर्न

बर्ड वॉचिंग म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? खाकी टोपी, तोफेएवढी लेन्स आणि पहाटे साडेचारला भिगवणला निघणारी गाडी. फ्लेमिंगो बघायला जरूर जा, पण सप्टेंबर ते नोव्हेंबर एवढा खटाटोप करायची गरजच नसते मंडळी. पाहुणे दारात येतात. आमच्या तर मागच्या दारात!

कोथरूडला आमच्या बिल्डिंगच्या मागे जेमतेम दहा पावलांची मोकळी जागा आहे. एक जुना उंबर, कढीपत्ता, जास्वंद आणि टाकीच्या ओव्हरफ्लोचा पाइप. फ्लॅट दाखवताना एजंट ती खिडकी उघडतसुद्धा नाही. मी मात्र रोज आठ ते साडेआठ, ऑफिसची कॅब येईपर्यंत, चहाचा मग घेऊन तिथेच असते.

पहिली हजेरी करड्या धोब्याची. पाठ राखाडी, पोट पिवळं आणि लांब शेपटी सतत वर-खाली, धुणं आपटल्यासारखी. म्हणून धोबी, कुणी परीटही म्हणतं. हिमालयातल्या ओढ्याकाठी उन्हाळा काढलेला हा पठ्ठ्या आमच्या ओव्हरफ्लोलाच ओढा समजून किडे टिपतो. (पाणी वाया जातं हे वाईटच, पण असो.) गेल्या वर्षी तो १२ सप्टेंबरला आला होता, यंदा ९ ला.

मग हिरवट वटवट्या. हा आधी ऐकू येतो, दिसतो नंतर. वजन साधारण दहाच्या नाण्याएवढं, आणि येतो हिमालयातून किंवा त्याच्याही पलीकडून! दिवसभर उंबराच्या पानांखालचे किडे वेचतो. ऑक्टोबरात कधीतरी जुन्या घड्याळाला चावी दिल्यासारखं 'टर्रर्र' ऐकू आलं की समजायचं, लाल छातीचा माशीमार पोचला. हा पूर्व युरोप, रशियाकडचा. नारिंगी गळा फक्त मोठ्या नराला, बाकीचे साधेच. पण शेपटीच्या बुडाशी दोन पांढरे ठिपके दिसले की ओळख पक्की.

थंडीपेक्षाही ही मंडळी भुकेपोटी निघतात. तिकडे बर्फ पडला की किडे संपतात. छोटे पक्षी बहुतेक रात्रीच उडतात. ताऱ्यांचा आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार घेत. आपण नाइट शिफ्टला रडतो!

आता मुद्द्याचं. सप्टेंबरात सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव आला. उंबर काढायचा, मागे काँक्रीट टाकायचं, चार गाड्यांचं पार्किंग. मी धोब्याचा विषय काढला तर सेक्रेटरीकाका हसले. "अगं, पक्ष्यांचं काय, दुसऱ्या झाडावर बसतील!"

तसं होत नाही ना काका. पायात कडी घालून केलेल्या अभ्यासांत दिसलंय की करडा धोबी दर हिवाळ्यात त्याच ठिकाणी परततो, कधी कधी शहरातल्या त्याच छोट्याशा बागेत. शिवाय १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्ष कायद्याप्रमाणे शहरातलं झाड परवानगीशिवाय तोडताच येत नाही. हे ऐकल्यावर ठराव पुढे ढकलला गेला. मंजूर नाही, नामंजूरही नाही.

मग मी लिफ्टजवळच्या बोर्डावर पक्ष्यांच्या तारखांचा कागद लावला. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी खाली कोकिळा लिहिली. कुणीतरी बॉलपेनने खरडलं, "आणि गाड्या कुठे लावायच्या?" प्रश्न चुकीचा नाही. दोन फ्लॅटवाल्यांकडे तीन-तीन गाड्या आहेत हे बोर्डावर कोण लिहिणार, एवढंच.

तुमच्याही मागे अशी जागा असेल तर ८ बाय ४२ ची दुर्बीण घ्या, नाहीतर नुसते डोळे चालतील. दाणे टाकू नका, त्याने कबुतरंच जमतात; हे पाहुणे किडेखाऊ. मातीच्या परळात पाणी ठेवा, झाडांवर औषध मारू देऊ नका आणि तारखा ई-बर्डवर टाका.

आमची पुढची मीटिंग ९ नोव्हेंबरला. मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून, ५ ते १२ नोव्हेंबर, राज्यात पक्षी सप्ताह असतो. काकांना मी सकाळी आठला चहाला बोलावलंय. मागच्या खिडकीत.