दारू न पिता यकृत खराब होते तेव्हा

अहिल्यानगर जिल्ह्यातील एका ताईंनी आम्हाला विचारले, "माझ्या थोरल्या बहिणीने जन्मात दारूला हात लावला नाही, मग तिचे यकृत बिघडले कसे? आणि बदलले तरी रोग परत येतो म्हणे. मग कशाला करायचे?" प्रश्न रास्त आहे.

शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशी कधी कधी यकृतातील बारीक पित्तनलिकांवरच तुटून पडतात. पित्त आतच साचते आणि वर्षानुवर्षे यकृत निबर होत जाते. हा प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस. 2015 पर्यंत त्याच्या नावात 'सिरॉसिस' होते. बहुतेक रुग्णांना निदानावेळी सिरॉसिस नसतोच, शिवाय त्या शब्दाने दारूचा संशय उगाच चिकटतो, म्हणून तो काढला. दहांतले नऊ रुग्ण स्त्रिया. सुरुवात थकव्याने आणि खाजेने होते, रात्री जास्त. पुरळ दिसत नाही, म्हणून घरचे म्हणतात, हिला कामाचा कंटाळा!

कावीळ दिसली की काहीजण माळ घालायला नेतात. माळ लांबते ती काड्या सुकून दोरा सैल पडल्याने. चुन्याचे पाणी पिवळे होते ते उतरवणाऱ्याच्या हाताला लावलेल्या आंब्याच्या सालीच्या रसाने. कावीळ जागच्या जागीच राहते आणि मोलाचे महिने जातात. रक्तातील अल्कलाइन फॉस्फेटेज आणि एएमए या तपासण्यांनी निदान होते. उर्सोडीऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या लवकर सुरू केल्या, तर पुष्कळांना यकृत बदलावेच लागत नाही.

काहींना लागते. भारतात पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण 1998 मध्ये दिल्लीत झाले. वीस महिन्यांच्या मुलाला वडिलांनी यकृताचा भाग दिला. त्याचा आजार वेगळा, पण तोही पित्तनलिकांचाच. आज तो स्वतः डॉक्टर आहे.

आता परत येण्याचे. यकृत नवे असले तरी रक्षक पेशी जुन्याच, म्हणून साधारण चार-पाचांत एकाला पुढच्या काही वर्षांत हा रोग पुन्हा दिसतो. त्यात रुग्णाच्या पथ्याचा दोष नसतो. तो बहुधा सावकाश वाढतो, नवे यकृत पुष्कळदा दीर्घकाळ टिकते, आणि प्रत्यारोपणानंतरही उर्सो चालू ठेवल्यास परतण्याचा धोका कमी होतो. पुरुषांत जास्त आढळणारा, मोठ्या नलिकांचा स्क्लेरोसिंग कोलँजायटिस मात्र अधिक हट्टी. त्याला अजून खात्रीचे औषध नाही.

ताईंनी कागद दाखवले. दोन वर्षे खाजेची मलमेच चालली होती, रक्ताची तपासणी गेल्या महिन्यात झाली. बहिणीचे यकृत अजून बदलण्याच्या टप्प्याला आलेले नाही. गोळ्या मात्र पंधरा दिवसांतच "आता बरे वाटते" म्हणून बंद केल्या होत्या. त्या आधी पुन्हा सुरू करून डॉक्टरांना दाखवा, असे आम्ही सांगितले.