बोरूची लिपी, खिळ्यांचे राज्य

लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण तारेबद्दल बोललो. शब्दागणिक पैसे मोजावे लागले की माणसे भाषासुद्धा काटकसरीने वापरू लागतात, हे पाहिले. आज तारेच्याही मागे, छापखान्याच्या दारात जाऊ. त्या दाराबाहेर मराठीची एक अख्खी लिपी उभी राहिली, ती बहुतांशी बाहेरच राहिली.

ती लिपी म्हणजे मोडी. पेशव्यांच्या दफ्तरातला कारकून आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेई आणि मग बोरू शक्यतो न उचलता त्या रेघेखाली अक्षरे लोंबकळवत जाई. काना-मात्रा अक्षरातच वळवून घेतल्यामुळे हात थांबत नसे. हिशेब, हुकूम, खलिते, सावकारी खतावण्या असा सगळा घाईचा कारभार मोडीत चाले. पोथ्यांसाठी देवनागरी होती. तिला ‘बाळबोध’ म्हणत, म्हणजे पोरासोरांनाही कळेल अशी. जाणत्यांची लिपी मोडीच.

छापखान्याने हा मान उलटा केला. धातूच्या खिळ्यांना प्रत्येक अक्षर सुटे लागते, आणि मोडीचा सगळा जीव जोडण्यात. व्यंजनाला स्वर लागला की आकारच बदलणार, म्हणजे खिळाही वेगळा. देवनागरीलाही शेकडो खिळे लागतच, पण तिची अक्षरे निदान एकमेकांपासून अलग उभी राहत. प्रयत्न झाले नाहीत असे नाही. बंगालमधल्या श्रीरामपूरचे मिशनरी विल्यम कॅरी यांनी 1805 मध्ये मराठी व्याकरण देवनागरीत छापले, तर 1810 चा कोश मोडी खिळ्यांनी. पुढे शिळाछापाने मोडीला थोडी उसंत दिली, कारण दगडावर हाताने लिहिलेले जसेच्या तसे उमटे. मोडी वाचनाची शालेय पुस्तके तशीच निघाली. पण 1832 मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ आले ते बाळबोधीत, आणि मराठी वाचकाचा डोळा त्याच वळणावर तयार होत गेला.

लिपी बदलली, तसा भाषेचा स्वभावही बदलला. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नसे. ‘कि’ आणि ‘की’ला एकच वळण पुरे, अर्थ संदर्भाने कळे. छापील देवनागरीत मात्र खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला दोन खोक्यांपैकी एका खोक्यातला खिळा उचलावाच लागे. कुठला उचलायचा? तिथून शुद्धलेखनाच्या वादांना जोर चढला. शाळेत ज्या ह्रस्व-दीर्घापायी आपण छड्या खाल्ल्या, त्यांचा एक धागा असा जुळाऱ्याच्या खोक्यापर्यंत जातो.

सगळा दोष यंत्राचा नव्हे. देवनागरीला संस्कृत पोथ्यांची प्रतिष्ठा होती, आणि 1917 मध्ये मुंबई सरकारने कारभारासाठी बाळबोधीला पसंती दिली. पण छापील अक्षराने आधीच ती वाट मळवून ठेवली होती. मोडी शाळांत आणखी काही दशके रेंगाळली आणि विसाव्या शतकाच्या मध्याला तीही सुटली.

किंमत कळली ती उशिरा. 2023 मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर, आरक्षणासाठी पुरावा ठरणाऱ्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. जुनी दफ्तरे उघडली. काही कागद उर्दूत, बरेचसे मोडीत. आजोबा-पणजोबांचे नाव कागदावर होते, पण ते वाचायला घरात कोणी नव्हते. तालुक्या-तालुक्यांत मोडी जाणणाऱ्यांचा शोध सुरू झाला. ज्या लिपीत एके काळी साधा कारकून भराभर लिही, ती वाचणारा आता तज्ज्ञ ठरला.

गंमत अशी, की खिळ्यांची अडचण आता उरलेलीच नाही. 2014 मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, संगणकाला ती लिपी जड नाही. यंत्र तयार झाले तेव्हा हात आणि डोळे विसरून गेले होते.

आणि आपण तरी काय करतो? मोबाइलवर ‘जेवलास का?’ विचारताना किती जण रोमन अक्षरे दाबतात! तीच सोपी पडतात म्हणून. मोडी सोडणाऱ्या पिढीलाही बाळबोध सोपीच वाटली होती.

(पुढील आठवड्यात : रोमन कळफलकावरची मराठी)