रूळ, समुद्र आणि मधले दहा किलोमीटर

पालघर, बोईसर, तारापूर ही नावे मुंबईकर एका दमात घेतो आणि एका दमात घेतल्यामुळेच फसतो. दिवाळीच्या सुटीत चार दिवस समुद्रावर जायचे ठरले की तो नकाशात ठळक दिसणारे स्टेशन निवडतो, स्टेशनाजवळची खोली ठरवतो आणि समुद्र असेलच पलीकडे, असे धरून चालतो. समुद्र पलीकडे असतोच, पण बराच पलीकडे. सुरतेकडून आलेली रेल्वे १८६४ साली मुंबईला भिडली तेव्हा तिने खाड्या आणि खाजण टाळत आतली, कोरडी वाट धरली. त्यामुळे केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव ही स्टेशने एका रेषेत आहेत. केळवे, माहीम, शिरगाव, सातपाटी, मुरबे, नांदगाव, नवापूर, उच्छेळी, दांडी, घिवली, तारापूर, चिंचणी ही किनाऱ्याची माळ दुसऱ्या रेषेत आहे आणि दोन्ही रेषांमध्ये सात ते बारा किलोमीटरांचे अंतर आहे. केळवे रोड हे नाव त्या बाबतीत प्रामाणिक म्हणायचे. ‘रोड’ लावलेले स्टेशन गाव नव्हे, गावाकडे जाणारा रस्ता आहे, हे ते आधीच सांगून टाकते. बोईसरला ‘तारापूर रोड’ म्हटले असते तर निम्म्या पाहुण्यांची चूक वाचली असती. उत्तरेला घोलवडजवळ रूळ पुन्हा किनाऱ्याला बिलगतात, आणि बोर्डी हे सहलीचे ठिकाण म्हणून आधी नावारूपाला आले त्यामागे सुंदर किनाऱ्याइतकाच या जवळिकीचा वाटा असावा.

हे मधले अंतर दिवसा आणि रात्री सारखे नसते, आणि मुक्काम कुठे करायचा याचा निकाल माझ्या मते तिथेच लागतो. दिवसा बोईसर ते घिवली म्हणजे शेअर रिक्षातला अर्धा-पाऊण तास. चौथे, पाचवे माणूस भरेपर्यंत रिक्षा हलत नाही, पण हलते. सूर्य मावळल्यावर मात्र उलटे होते. किनाऱ्याहून स्टेशनाकडे जाणारे प्रवासी कमी होतात, रिक्षावाल्याला परतीचे भाडे मिळण्याची खात्री राहत नाही आणि तो अख्खी रिक्षा घ्यायला सांगतो. पाहुणा साडेपाचला घड्याळ पाहू लागतो. समुद्रावरची खरी वेळ तर साडेपाचलाच सुरू होते. पहाटेचेही तसेच. होड्या किनाऱ्याला लागतात, टोपल्या उतरतात, बायका भाव ठरवतात, तेव्हा स्टेशनाजवळच्या लॉजमध्ये झोपलेल्या माणसाचा चहासुद्धा झालेला नसतो. तो नाश्ता करून अकराला पोचतो, उन्हात तापलेली रेती पाहतो, चारला निघतो आणि ‘काही विशेष नाही’ असा अभिप्राय देतो. त्याने किनारा चुकीचा निवडलेला नसतो. त्याच्या वाट्याला किनाऱ्याचे चुकीचे तास आलेले असतात. गावात मुक्काम म्हणजे हे दोन टोकांचे तास विकत घेणे. एसटीच्या भाषेत बोलायचे तर आपण वस्तीची गाडी व्हावे: संध्याकाळी गावात जाऊन थांबणारी आणि पहाटे तिथूनच निघणारी.

मुंबईकर यावर विचारील की मुक्काम हवाच कशाला, आता लोकल आहे. लोकल आहे, २०१३पासून ती डहाणू रोडपर्यंत जाते. पण विरारच्या पुढचे चौसष्ट किलोमीटर ही उपनगरी गाडीची सवय लागलेल्या माणसाला न उमजणारी गोष्ट आहे. या पट्ट्याचा सारा भार आजवर दोनच रुळांनी पेलला. त्यांच्यावरूनच लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या आणि लोकल धावायच्या. चौपदरीकरणाचे काम हाती घ्यावे लागले ते यासाठीच. दर पाच मिनिटांनी गाडी येते हे गृहीत विरारलाच सोडावे लागते. इथे एक गाडी चुकली की दिवसाचा मोठा तुकडा जातो, आणि जातो तो नेमका संध्याकाळचा.

बोईसरच्या खोल्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. त्या पर्यटकासाठी बांधलेल्याच नाहीत. तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड, पोलाद यांचे कारखाने आहेत. यंत्र बसवायला आलेला तंत्रज्ञ, तपासणीला आलेला अधिकारी, ठेकेदाराचा मुकादम हे बोईसरचे पाहुणे. त्यांना समुद्र नको असतो; त्यांना जीएसटीचे बिल, पहाटे लवकर गरम पाणी आणि रात्री उशिरापर्यंत चालू असलेले जेवण हवे असते, आणि बोईसर ते चोख देते. नवापूर नाक्यापासून ओस्तवालपर्यंतची वस्ती फुगत गेली तरी कारभार वर्षानुवर्षे ग्रामपंचायतीकडेच राहिला. पाणी, कचरा, रस्ता यांची तिथली ओढाताण त्यातून समजते. ज्याला कारखान्यात काम आहे, ज्याच्यासोबत आजारी वा फार म्हातारे माणूस आहे, ज्याला पहाटेची गाडी धरायची आहे, त्याने खुशाल बोईसरला किंवा पालघरला राहावे. पालघर १ ऑगस्ट २०१४ला जिल्ह्याचे ठाणे झाल्यापासून कोर्टकचेरीच्या पाहुण्यांची सोय तिथे वाढली आहे. १४ ऑगस्ट १९४२च्या गोळीबारातल्या पाच हुतात्म्यांचे स्मारक असलेला पाचबत्ती चौक पाहायला मात्र मुद्दाम उतरावे. हुतात्म्यांची गावे वाचली की सातपाटी, मुरबे, नांदगाव यांचा तालुक्याच्या ठिकाणाशी असलेला जुना संबंध एका दगडावर दिसतो.

खोलीचा बाजार समजून घेतला तर आणखी एक फायदा होतो. बोईसरची खोली मंगळवारी भरते, केळव्याची शनिवारी. म्हणजे ज्याला मधल्या वारी रजा मिळते त्याने किनाऱ्यावर जावे. तेव्हा घरमालकाला सवड असते, भाव उतरलेला असतो आणि सुरूच्या बनात गाण्यांचे कर्णे नसतात. शनिवारीच जाणे भाग असलेल्या माणसाने केळव्याचा हट्ट सोडून माहीम किंवा शिरगावकडे वळावे. शिरगावचा किल्ला वस्तीतच आहे आणि तिथून सातपाटी हाकेच्या अंतरावर आहे.

वार ठरवताना तिथीही पाहावी. मुंबईकराला भरतीचे वेळापत्रक मोबाइलवर मिळते, पण किनाऱ्यावरचा जुना हिशेब अधिक उपयोगाचा आहे, कारण तो आधी करता येतो. पंधरवड्यातली तिथी घ्यावी, तिला तीनने गुणून चारने भागावे, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. इकडेतिकडे थोडा फरक धरावा. अष्टमीला सहा येतात, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बारा. म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या आगेमागे दुपारी समुद्र पायाशी असतो आणि संध्याकाळी, नेमक्या हवाहव्याशा वेळी, तो दूर गेलेला असतो. उधाणाच्या दिवसांत या भागात भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरांच्या घरात जातो आणि किनारा सपाट असल्याने पाणी क्षितिजाकडे सरकल्यासारखे वाटते; मागे राहतो चिखल, खडक आणि बसून चिंबोऱ्या शोधणारी पोरे. भाऊबीज आटोपून निघणाऱ्याला हाच समुद्र भेटतो आणि तो वैतागतो. तोच माणूस सप्तमी-अष्टमीला गेला तर दिवेलागणीला लाटा पायऱ्यांशी येतात. स्टेशनाजवळ राहणाऱ्याला हा हिशेब करता आला तरी पाळता येत नाही, कारण त्याची वेळ रिक्षा ठरवते. गावात राहणारा भरतीची वाट पाहू शकतो.

गावागावांत फरक मोठा आहे. केळवे हे मुलाबाळांचे, पहिल्यांदा जाणाऱ्यांचे गाव. शीतलादेवीचे देऊळ, पुळणीलगतची सुरूची झाडे, पाण्यातला छोटा किल्ला आणि मागे पानवेलींच्या वाड्या. तिथे घरगुती मुक्कामाची रीत रुळली आहे आणि थंडीत वाडवळी घरात राहण्याचे भाग्य लाभले तर उकडहंडी मिळू शकते. हॉटेलच्या कार्डावर ती शोधू नये. सातपाटी राहण्याचे नव्हे, पहाटे जाण्याचे गाव आहे. पापलेटला २०२३ साली राज्यमासा ठरवण्यात आले तेव्हा सर्वांना आधी सातपाटीच आठवली. मात्र १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. तेव्हा ताज्या पापलेटाच्या आशेने येणाऱ्याच्या ताटात बहुधा बर्फातले काही तरी पडते. मुरबे सातपाटीसमोरच दिसते, पण मध्ये खाडी आहे. नकाशावर बोटाच्या पेराएवढे वाटणारे अंतर रस्त्याने मोठा वळसा घेते. ‘समोरच तर आहे’ या भरवशावर खोली ठरवू नये.

चिंचणी आणि तारापूर ही खाडीच्या दोन तीरांवरची जोडगावे, तालुके मात्र वेगळे: तारापूर पालघरचे, चिंचणी डहाणूची. इतिहासाची आवड असलेल्याने इथेच राहावे. चिंचणीला सापडलेल्या राष्ट्रकूटकाळातल्या ताम्रपटात, इसवी सन ९२६च्या, संजाण प्रदेशाचा कारभार एका ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे असल्याची नोंद आहे. तारापूरच्या किल्ल्यावर जानेवारी १७३९मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने चढाई केली, त्यात बाजी भिवराव पडले. वसई हाती आली ती त्यानंतर मे महिन्यात. दोन दिवस पायी फिरायला एवढे पुरे आहे आणि घिवलीही इथून जवळ पडते.

घिवलीचा प्रश्न वेगळा. देशातले पहिले व्यावसायिक अणुवीज केंद्र १९६९ साली शेजारीच सुरू झाले आणि ‘तारापूर’ हे नाव जगभर गेले. घिवली नावाआड राहिली. अणुकेंद्राभोवती पाच किलोमीटरांच्या टापूत लोकवस्तीच्या नैसर्गिक वाढीला मुभा, पण वस्ती झपाट्याने फुगवणाऱ्या प्रकल्पांना आडकाठी, असे धोरण असते. त्यामुळे मोठी रिसॉर्टे इथे उभी राहिली नाहीत. गावाने त्याची किंमत मोजली आहे, हे विसरून पाहुण्याने त्या शांततेचे कौतुक करू नये. केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. ज्यांची उठली नाहीत त्यांच्या किनाऱ्यावर बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील सुकतात आणि पार्श्वभूमीला केंद्राच्या इमारती असतात. त्या दिशेला कॅमेरा रोखू नये, ड्रोन तर नकोच. घिवलीत पाटी लावलेली खोली शोधत फिरण्यापेक्षा मुक्काम चिंचणी-तारापूरला ठेवावा आणि घिवलीला संध्याकाळ द्यावी; ओळखीतून कुणाच्या घरी सोय झाली तर ती सर्वांत उत्तम.

इथे बहुतेकांच्या मनातली भीती पुढे येते: अणुकेंद्राच्या सावलीत झोपायचे? भीतीला हसू नये, पण तिची दिशा तपासावी. आपत्कालीन नियोजनाचा परीघ सोळा किलोमीटरांचा असतो आणि बोईसर स्टेशनही त्यातच येते. म्हणजे अणुकेंद्राला भिऊन घिवलीऐवजी बोईसरला झोपणाऱ्याने त्या हिशेबात फारसे काही मिळवलेले नसते. उलट औद्योगिक वसाहतीतल्या आगी आणि स्फोटांच्या बातम्या बोईसरच्याच आहेत. किनाऱ्याची खरी तक्रार किरणोत्साराहून साधी आणि रोजची आहे: वसाहतीचे सांडपाणी नळाने नवापूरच्या समुद्रात सोडले जाते, आणि मच्छीमारांची मांगेला समाज परिषद त्याविरुद्ध २०१६ साली हरित लवादाकडे गेली. पाण्यात उतरणाऱ्याने म्हणून नवापूरचा टापू सोडून केळवे पाहावे. हे मत पर्यटकाच्या सोयीपुरते आहे. तिथल्या माणसाला किनारा बदलण्याची सोय नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. गावात राहा म्हणणारेच गाव बिघडवतात. केळव्याच्या शनिवारी, पुळणीवर घातलेल्या मोटारींत, बाटल्यांच्या काचांत त्याचा पुरावा दिसतो. पण हे दोष पाहिले तर त्यातले बरेचसे दिवसभरासाठी येऊन जाणाऱ्यांचे असतात. काच टाकून रात्री निघून जाणाऱ्याला सकाळी कोणी भेटत नाही. मुक्कामाच्या माणसाला सकाळी चहा देणारी मावशीच विचारते. चार खोल्यांच्या घराला आपल्या पाहुण्यावर नजर ठेवता येते, चाळीस खोल्यांच्या इमारतीला येत नाही. म्हणून घरगुती मुक्कामाची बाजू मी घेतो, तीही अटीसह: जेवण सकाळीच सांगावे, कारण मासळी सकाळी घेतली जाते, आणि रात्री दहाला सुरमई मागू नये.

शिवाय ही निवड फार काळ आपल्या हाती राहील असे दिसत नाही. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ला झाली, मुरब्यालाही बंदराचा प्रस्ताव आहे, आणि बुलेट ट्रेनचे एक स्टेशन बोईसरच्या नावे आहे. अभियंते, सर्वेक्षक, ठेकेदार यांना वाढवणला सर्वांत जवळच्या मोठ्या वस्त्या म्हणजे वरोर आणि चिंचणी. औद्योगिक वसाहतीने बोईसरच्या खोल्यांचे जे केले तेच बंदर चिंचणीच्या खोल्यांचे करील: त्या महिन्याच्या कराराने जातील, मंगळवारीही भरलेल्या असतील आणि पश्चिमेची खिडकी हे भाडे वाढवण्याचे कारण उरणार नाही. घरमालकाला दोष देता येणार नाही. शनिवारच्या पाहुण्यापेक्षा महिन्याचा भाडेकरू कुणालाही बरा. सध्या मात्र चिंचणीच्या एखाद्या घरात मार्गशीर्षातल्या अष्टमीला, मधल्या वारी, खोली मिळते, आणि सहा वाजता पाणी भरून आलेले असते.