फाटे मोजायला लागलेली पन्नास वर्षं

हिवाळ्यात सकाळी प्रयोगशाळा उघडली की स्टँडमधल्या नळ्या दुधी झालेल्या असायच्या. आत सायक्लोहेक्झेनमध्ये विरघळवलेलं पॉलिस्टायरीन. नळी मुठीत धरून बसलं की थोड्या वेळात दूध विरून काच आरपार दिसायची. एकाच वजनाच्या दोन नळ्या शेजारी ठेवल्या, एकीत सरळ साखळ्या आणि दुसरीत ताऱ्यासारख्या फाटे फुटलेल्या, तर थंड होताना सरळ साखळ्यांची नळी आधी गढूळ व्हायची. तारेवाली आणखी काही अंश निवळ राहायची. वहीत तापमान लिहायचं, पण पाठ्यपुस्तकातलं सूत्र दोन्ही नळ्यांना एकच उत्तर द्यायचं.

ते सूत्र 1941 चं. कोडॅकमधले मॉरिस हगिन्स आणि तेव्हा स्टँडर्ड ऑइलच्या प्रयोगशाळेत असलेले पॉल फ्लोरी, दोघांनी ते काही महिन्यांच्या अंतराने स्वतंत्रपणे मांडलं. कल्पना साधी. द्रावण म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारखी घरांची जाळी. एका घरात एक तर विद्रावकाचा रेणू, नाहीतर साखळीचा एक मणी. मणी ओळीने बसवत जायचं आणि बसवण्याचे किती मार्ग आहेत ते मोजायचं. त्यातून एन्ट्रॉपी येते, आणि द्रावण एकजीव राहणार की त्याचे दोन थर होणार, ते कळतं. साखळी जितकी लांब तितकी ती लवकर वेगळी होते. अनंत लांबीच्या पॉलिस्टायरीनसाठी ही सीमा सायक्लोहेक्झेनमध्ये सुमारे 34.5 अंश सेल्सिअसला येते. फ्लोरींचं हेच ते थीटा तापमान.

पण पुढचा मणी ठेवताना हे गणित एवढंच बघतं, की शेजारचं घर रिकामं आहे का. मणी माळेत सरळ ओवलाय की फाट्यावर लटकतोय, याची चौकशी करत नाही. हजार मण्यांची सरळ साखळी आणि हजार मण्यांचा तारा त्याच्या लेखी सारखेच. गंमत अशी की त्याच 1941 मध्ये फ्लोरी फाटे फुटत फुटत जेल कसं बनतं, यावरही लिहीत होते. 1952 मध्ये त्यांनी अतिशाखित रेणूंचं गणितही मांडलं. शाखांचा एवढा जाणकार माणूस, पण त्याच्या द्रावणाच्या सूत्रात शाखांना जागा नव्हती.

मग विसंगती कुठे जायची? त्याच सूत्रातल्या एका ग्रीक अक्षरात. त्या अक्षराला आपण 'काय' म्हणतो आणि काम पडलं की तोच प्रश्न विचारतो. काय तापमानानुसार बदलव, सांद्रतेनुसार बदलव, शाखांनुसारही बदलव. आकडे जुळायचे, कारण कळायचं नाही.

कारखान्यांना मात्र शाखा नवीन नव्हत्या. 1933 मध्ये इंग्लंडात आयसीआयच्या लोकांना अपघातानेच गवसलेलं पॉलिथिलीन जन्मतःच फाटे फुटलेलं होतं. दुधाच्या पिशवीत आजही त्याच घराण्याचं प्लॅस्टिक असतं. हजार-दोन हजार वातावरणांच्या दाबाखाली ते इथिलीनमध्येच विरघळलेलं असतं. दाब उतरवला की दोन थर होतात आणि माल वेगळा काढता येतो. तो दाब किती उतरवायचा, याच्या हिशेबावर पैसा अवलंबून.

1960 मध्ये फ्रीमन आणि रोलिन्सन यांनी दाखवलं, की तापवल्यानेही पॉलिमर विद्रावकाबाहेर पडतो. ते समजावण्यासाठी त्यानंतरचा बराच काळ जाळीत रिकाम्या जागा घालण्यात गेला. 1976 चं सांचेझ-लाकोंब समीकरण त्यातलंच. शाखा तिथेही बाहेरच.

खरी फट पाडली शिकागोच्या कार्ल फ्रीड यांनी, 1980 च्या दशकात. फ्लोरींच्या मोजणीत जे शेजारसंबंध सरासरीत हरवत होते, ते त्यांनी एकेक करून दुरुस्तीच्या पदांत आणले. त्यासाठी रेणूचं चित्र काढून अक्षरशः मोजायचं: लागोपाठचे दोन बंध किती, तीन किती, तीन वाटा फुटणारे फाटे किती, चार वाटांचे किती. 'लॅटिस क्लस्टर थिअरी' म्हणतात ती ही. या कामात त्यांचा एक विद्यार्थी होता मौंगी बवेंडी. पुढे क्वांटम डॉट्ससाठी 2023 चं नोबेल मिळालं तो हाच. पीएचडीची ती पानं आता फारसं कुणी उघडत नसेल.

1990 च्या सुमारास आलेल्या 'सॅफ्ट' या समीकरणाने अभियंत्यांची मनं जिंकली. 2001 मध्ये ग्रॉस आणि साडोव्स्की यांनी त्याला पीसी-सॅफ्टचं रूप दिलं. पण त्याच्या नेहमीच्या रूपातही मणी फक्त आपल्याला चिकटलेल्या जोडीदाराला ओळखतो, त्यापलीकडची वळणं नाही. पन्नास वर्षांनी तोच आंधळेपणा, जाळी नसतानाही!

दरम्यान किम आणि वेबस्टर यांनी ड्यूपाँटमध्ये अतिशाखित पॉलिमर बनवून दाखवले होते, आणि असे पॉलिएस्टर नंतर स्वीडनहून बाजारातही आले. जर्मनीत आर्ल्ट यांच्या गटाने ते इथेनॉल-पाणी वेगळं करायला वापरून पाहिले. मग फ्रीड यांची मोजणी बाहेर निघाली. साबिने एंडर्स आणि सहकाऱ्यांनी ती अशा द्रावणांना लावली, टोकांच्या हायड्रॉक्सिल गटांच्या हायड्रोजन बंधांसकट.

अडचण आता नमुन्यात आहे. कागदावरच्या रेणूला, समजा, नेमकी 64 टोकं असतात. बाटलीतल्या रेणूंची वजनंही वेगवेगळी आणि फाटेही. मोजायला सूत्र तयार आहे, पण त्यात नेमके किती फाटे भरायचे ते बाटलीवरच्या लेबलवर लिहिलेलं नसतं.