दूध थांबत नाही

कांदा चाळीत भरून ठेवता येतो. सोयाबीनची पोती घरात लावून भाव चढायची वाट बघता येते. दुधाला ती सोय नाही. काढलेलं दूध वेळेत डेअरीत पोचलं नाही तर नासतं, आणि काढलंच नाही तर कास दाटते, दगडीचा (कासेच्या सुजेचा) धोका वाढतो. 1 जून 2017 रोजी पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि रस्त्यांवर दूध ओतलं गेलं, तेव्हा ‘ओतायचंच आहे तर काढता कशाला?’ असं विचारणारा माणूस गोठ्यात कधी उभा राहिलेला नव्हता एवढं नक्की. संप माणसांचा असतो; गाईला नोटीस देता येत नाही.

संगमनेर, अकोले, राहाता या पट्ट्यात चार-पाच संकरित गाई दावणीला असलेल्या घराचं सगळं आयुष्य या एका गोष्टीभोवती फिरतं. पहाटे उठून शेण ओढायचं, गव्हाण झाडायची, पेंड-भरडा टाकायचा. कास धुवून पुसायची. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या वाटीत काढून त्यात गुठळ्या दिसतात का ते बघायचं. दिसल्या तर दगडीची सुरुवात. मग धार. ती शेवटपर्यंत काढावी लागते, कारण फॅट शेवटच्या धारांतच जास्त असतं. संध्याकाळी हेच सगळं पुन्हा. लग्नाला जाणारा माणूस पहिल्या पंगतीला बसतो तो भुकेपोटी नाही, धारेच्या वेळेला घरी पोचायचं असतं.

डेअरीत कॅन उतरला की लहानशा भांड्यातला नमुना यंत्राखाली जातो आणि चिठ्ठी बाहेर येते: लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), दर. गाईच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ हे प्रमाण. त्याखाली गेलं की पॉइंटमागे कपात. नुसता हिरवा चारा झाला, कडबा कमी पडला की फॅट उतरतं. एप्रिल-मेच्या उन्हात होल्स्टीनच्या रक्ताच्या गाई धापा टाकतात, खाणं सोडतात, दूध आणि एसएनएफ दोन्ही घसरतात. दर दहा दिवसांनी पगार होतो. दुधाच्या पैशाला इकडे पगारच म्हणतात, पण त्यातून पेंडीची पोती आणि घेतलेली उचल आधी वळती होते. उरलेल्यावर किराणा, शाळेची फी, डॉक्टर. आणि पगाराचं हे खातं बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर असतं, शेण कोणी का ओढलेलं असेना. उत्पादन खर्चाचा हिशेब मांडताना पेंडीचा किलो धरला जातो, बाईचे तास धरले जात नाहीत. माझ्या मते दूधधंद्यातला सगळ्यात जुना तोटा हाच.

दर ठरतो कुठे? गोठ्यापासून फार लांब. हिवाळ्यात हिरवा चारा मुबलक, दूध वाढतं. पिशव्यांतून विकून उरलेल्याची पावडर आणि लोणी होतं. पावडरीचा बाजार पडला की खरेदीचा दर पडतो. 2020 च्या टाळेबंदीत चहाच्या टपऱ्या आणि हॉटेलं बंद झाली, तेव्हा राज्य सरकारला जादा दूध विकत घेऊन त्याची पावडर करावी लागली. जानेवारी 2024 मध्ये लिटरला 5 रुपये अनुदान आलं, पण गाईच्या कानातल्या 12 अंकी बिल्ल्याची ऑनलाइन नोंद हवी होती, खातं आधारला जोडलेलं हवं होतं. नोंद अडकली की अनुदानही अडकायचं. गाय मात्र रोज खातेच.

मुरघासाने निदान चारा तरी थांबवता आला. दाणा दुधाळ-चिकात असताना मका कापायचा, कुट्टी करून पिशवीत किंवा खड्ड्यात दाबून हवाबंद करायचा. दीडेक महिन्यात तो आंबूस वासाचा होतो आणि पुढे महिनोन्‌महिने टिकतो. पण गाईचा माज तसा साठवता येत नाही. तो साधारण 21 दिवसांनी येतो, काही तास टिकतो, कधी रात्रीच येऊन जातो. चुकला की पुढचे 21 दिवस फुकटचं खाणं. भरली, गाभण राहिली तर नऊ महिने. त्यातले शेवटचे दोन आटवायचे.

व्याली आणि कालवड झाली तर घरात खरवस आनंदाने खाल्ला जातो. गोऱ्हा झाला की चेहरे पडतात. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नावालाच, जू नीट बसत नाही, उन्हात औताला टिकत नाही, आणि आता औत तरी कुठे राहिलंय? 2015 पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे. गाईंना ती 1976 च्या कायद्यापासून होतीच. कायद्याच्या बाजूने-विरोधात बोलणारे पुष्कळ आहेत, त्या गोऱ्ह्याला रोज दूध पाजणारं घर एकच. म्हणून कालवडच जन्मावी यासाठी लिंगनिर्धारित वीर्यमात्रेला शेतकरी जादा पैसे मोजतो. तीही दर वेळी लागू पडत नाही.